वाचकांचे प्रश्न : अवकाशवार्ता आणि मन वळवणारी भाषा

अवकाश मोहिमांविषयीच्या बातम्या, लेख आणि भाषणे यांच्या भाषेबद्दल आम्ही गेल्या अंकात वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली असून लांबलेले प्रश्न थोडे आवरते घेतले आहेत.

प्रश्न : राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त, म्हणजे 23 ऑगस्टला, आमच्या शाळेत निबंधस्पर्धा होते. परीक्षक म्हणून मला दरवर्षी असे जाणवते की निबंध गौरवाने ओथंबलेले असतात, पण त्यांतून कळत फारसे काही नाही. मन वळवणाऱ्या भाषेचे प्रकार कोणते, आणि ते नववीच्या मुलांना कसे समजावून द्यावेत? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : ॲरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास हा पहिला, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना हा दुसरा, आणि विधानातला युक्तिवाद हा तिसरा. अवकाशाच्या विषयात हे तिन्ही एका ठिकाणी पाहायचे असतील, तर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी 12 सप्टेंबर 1962 रोजी ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये केलेले भाषण मुलांपुढे ठेवावे. त्यात त्यांनी माणसाचा 50,000 वर्षांचा इतिहास 50 वर्षांत बसवून दाखवला. त्या हिशेबाने पेनिसिलिन आणि दूरचित्रवाणी येऊन जेमतेम आठवडा झालेला होता. ही भावना झाली. पुढे त्यांनी अवकाशावरचा वर्षाचा खर्च, 5 अब्ज 40 कोटी डॉलर, सांगितला आणि ही रक्कम प्रचंड असली तरी देश सिगारेट आणि सिगारवर वर्षाला याहून थोडी अधिकच रक्कम उडवतो, असे जोडून दिले. हा युक्तिवाद झाला, निदान त्याचा वेष तरी युक्तिवादाचा होता. आणि चंद्रावर जाण्याचे आपण ठरवले आहे ते काम सोपे आहे म्हणून नव्हे तर कठीण आहे म्हणून, हे प्रसिद्ध वाक्य उच्चारताना त्यांनी स्वतःची आणि श्रोत्यांची प्रतिमाच उंच केली, म्हणजे विश्वासाचा मार्ग धरला.

याच कथेचा पुढचा भाग मुलांना जरूर सांगावा. त्या भाषणानंतर दहा आठवड्यांनी, 21 नोव्हेंबर 1962 रोजी, नासाचे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी झालेल्या बैठकीत केनेडी यांनी स्पष्ट सांगितले की सगळा भर रशियाच्या आधी चंद्रावर पोहोचण्यावरच हवा, एरवी एवढा पैसा खर्चण्याचे कारण नाही, कारण आपल्याला अवकाशात तितकासा रस नाही. त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. यामुळे स्टेडियममधले भाषण खोटे ठरत नाही, पण ते कोणत्या कामासाठी रचले होते हे कळते.

'कोणत्या कामासाठी' हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांचा अर्थ लावताना विधी आणि अर्थवाद असा भेद केला. ऐश्वर्य हवे असणाऱ्याने वायूला उद्देशून याग करावा, हा विधी. वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, हा अर्थवाद, म्हणजे त्या कृतीकडे मन ओढून नेणारी स्तुती. अर्थवादाचेही त्यांनी तीन प्रकार पाडले. यज्ञातला खांब हाच सूर्य, असे प्रत्यक्षाच्या उघड विरुद्ध जाणारे वाक्य हा गुणवाद, आणि तो शब्दशः घ्यायचा नसतो. अग्नी हे थंडीवरचे औषध, असे आधीच ठाऊक असलेले पुन्हा सांगणारे वाक्य हा अनुवाद. इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, असे घडलेली गोष्ट सांगणारे वाक्य हा भूतार्थवाद. मला तर वर्गात शिकवायला ॲरिस्टॉटलपेक्षा हीच वाटणी सोयीची वाटते. 'विक्रमने चंद्राला आलिंगन दिले' हा गुणवाद आहे, तो काव्य म्हणून घ्यावा. 'चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह आहे' हा अनुवाद आहे, त्याने निबंधाची फक्त जागा भरते. 'विक्रम लँडर 23 ऑगस्ट 2023 रोजी संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी चंद्रावर उतरले' हा भूतार्थवाद आहे, आणि पडताळून पाहता येते ते एवढेच. मुलांना आपापल्याच निबंधातली वाक्ये या तीन रांगांत लावायला सांगा. तिसरी रांग किती आखूड आहे, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.

प्रश्न : 'अहमदाबादेत रिक्षाला किलोमीटरमागे 10 रुपये पडतात, भारत मंगळावर 7 रुपये किलोमीटरने पोहोचला' हे वाक्य माझा मुलगा अजूनही ऐकवतो. हा हिशेब बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भागाकार बरोबर आहे. मंगळयानाचा खर्च सुमारे 450 कोटी रुपये आणि प्रवास सुमारे 65 कोटी किलोमीटर, म्हणून किलोमीटरमागे सात रुपयांना थोडे कमी. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सप्टेंबर 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अनिवासी भारतीयांपुढे हा दाखला दिला, आणि श्रोते ओळखून दाखला कसा निवडावा याचा तो नमुनाच म्हणावा लागेल. समोर बसलेल्यांनी रिक्षाही पाहिली होती आणि परदेशी रॉकेटांचे खर्चही ऐकले होते. संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले ते हेच.

अडचण भागाकारात नसून भाजकात आहे. रिक्षा प्रत्येक किलोमीटरला इंधन जाळते. यानाचे तसे नाही. मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 रोजी पीएसएलव्ही रॉकेटवरून निघाले, महिन्याअखेरीस त्याने पृथ्वीची कक्षा सोडली, आणि 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाच्या कक्षेत शिरेपर्यंत मधल्या दुरुस्त्या सोडल्या तर ते मिळालेल्या वेगाने नुसते वाहत गेले. त्या दहा महिन्यांतल्या किलोमीटरांची संख्या खर्च ठरवत नाही. खर्च ठरतो तो यानाचे वजन, त्यावरची उपकरणे, रॉकेट आणि माणसांचे पगार यांवरून. हाच हिशेब पुढे नेला तर त्याचे हसे होते. सहा महिन्यांसाठी योजलेले हे यान 2022 पर्यंत मंगळाभोवती फिरत संपर्कात राहिले. त्या सगळ्या प्रदक्षिणांचे किलोमीटर मिळवले तर सात रुपयांचा दर उतरत जातो, पण म्हणून मोहीम अधिक स्वस्त झाली असे कोणी म्हणणार नाही.

स्वस्ताईचा खरा युक्तिवाद तुलनेतून करता येतो, मात्र ती तुलना पूर्ण हवी. त्याच आठवड्यात मंगळाच्या कक्षेत पोहोचलेल्या नासाच्या मेव्हन यानाला सुमारे 67 कोटी डॉलर लागले, हे प्रत्येक बातमीत होते. मंगळयानावर सुमारे 15 किलो वजनाची पाच उपकरणे होती आणि मेव्हनवर सुमारे 65 किलोंची, हे फार थोड्या ठिकाणी होते. हाती असलेले, पुन्हा पुन्हा पारखलेले रॉकेट वापरणे, उपकरणे मोजकी ठेवणे, अभियंत्यांचे वेतनमान कमी असणे आणि मार्गनिरीक्षणासाठी नासाच्या दूरसंपर्क केंद्रांचे साहाय्य घेणे, ही काटकसरीची कारणे आहेत. ती सांगितली तर कौतुक कमी होत नाही. आपल्याकडची कोणतीही गृहिणी स्वस्त बाजार कसा केला ते सांगताना कुठून, किती आणि काय घेतले नाही, हेही सांगते.

प्रश्न : चंद्रयान 3 दक्षिण ध्रुवावर उतरले असे आम्ही सगळे म्हणतो. एका परदेशी शास्त्रज्ञाने ते नाकारल्याचे वाचले. तो मत्सर होता की तथ्य? (एक वाचक, मडगाव, गोवा)

उत्तर : हेतूविषयी आपण बोलू नये, अंतर मोजावे. विक्रम सुमारे 69.4 अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. चंद्रावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 30 किलोमीटर, म्हणजे ध्रुव तेथून 600 किलोमीटरहून अधिक दूर राहिला. इस्रोच्या तांत्रिक मजकुरात 'दक्षिण ध्रुवाजवळ' असे शब्द असत. मथळ्यांत आणि भाषणांत 'जवळ' गळून पडले आणि 'ध्रुवावर' उरले.

एक तुलना मला फार बोलकी वाटते. अंटार्क्टिकावरचे आपले 'भारती' संशोधन केंद्र पृथ्वीच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे, तेही सुमारे 69.4 अंश दक्षिण. भारतीवर राहून आलेला माणूस आपण दक्षिण ध्रुवावर राहून आलो असे म्हणत नाही, कारण ध्रुव तेथून 2,000 किलोमीटरांहून दूर आहे आणि तेथे जाणे ही वेगळीच कामगिरी आहे हे त्याला ठाऊक असते. चंद्राबाबत मात्र आपण हेच निःशंकपणे म्हणतो, कारण तेथला नकाशा आपल्या मनात नाही.

'ध्रुव' हा शब्द एवढा हवाहवासा का झाला, हेही पाहावे. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही, आणि तेथे पाण्याचे बर्फ टिकून राहिले असावे, अशी शास्त्रज्ञांची धारणा आहे. भावी वस्तीच्या सगळ्या कल्पना त्या बर्फाभोवती फिरतात. विक्रमची जागा तशी नव्हती. तेथे ऊन होते, आणि लँडरवरच्या तापमापी उपकरणाने पृष्ठभागाचे तापमान सुमारे 50 अंश सेल्सिअस आणि अवघ्या 8 सेंटिमीटर खाली उणे 10 अंशांच्या आसपास नोंदवले. एका वितीच्याही आत साठ अंशांचा फरक! ही बातमी ध्रुवाच्या उसन्या वैभवाशिवायही मोठी होती.

पण मत्सराचा आरोप टाळायचा, तसाच अकारण संकोचही टाळावा. त्या दिवसापर्यंत चंद्राच्या दक्षिण गोलार्धात इतक्या खाली कोणतेही यान अलगद उतरलेले नव्हते. अमेरिकेचे सर्व्हेयर 7 हे 1968 मध्ये सुमारे 41 अंशांवर उतरले होते, चीनचे चांग-ई 4 हे 2019 मध्ये सुमारे 45 अंशांवर. आणि रशियाचे लूना 25 हे विक्रमच्या चारच दिवस आधी कोसळले होते. 'तोवरचे सर्वांत दक्षिणेकडचे अवतरण' हे वाक्य पूर्ण खरे होते. फेब्रुवारी 2024 मध्ये एक खाजगी अमेरिकी यान सुमारे 80 अंशांवर उतरून कलंडले, तेव्हा 'ध्रुव' आधीच खर्चून बसलेल्या मथळेकारांपाशी त्याच्यासाठी शब्द उरला नाही.

प्रश्न : 'अंतराळवीर' या शब्दात 'वीर' का? शास्त्रज्ञाला आपण 'प्रयोगशाळावीर' म्हणत नाही. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. इंग्रजी आणि रशियन शब्दांत, म्हणजे ॲस्ट्रोनॉट आणि कॉस्मोनॉट यांत, ग्रीक भाषेतला 'नावाडी' आहे: एक ताऱ्यांचा, दुसरा विश्वाचा. मराठीने नावाडी सोडून वीर निवडला आणि प्रशस्ती नामातच शिवून टाकली, म्हणून वार्ताहराने काही न करताही बातमी पोवाड्याकडे झुकते. 'मोहीम' आणि 'स्वारी' हे शब्दही मराठ्यांच्या लढायांतून आलेले आहेत, आणि 'मोहीम फत्ते' असा मथळा वाचताना यानाआधी घोडदळ डोळ्यांपुढे येते. भारत सरकारने आपल्या मानवी उड्डाणासाठी 'गगनयात्री' हा शब्द पुढे आणला आहे आणि शुभांशू शुक्ला 2025 च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहून आले तेव्हा तो बराच वापरला गेला. यात्री हा शब्द मला अधिक भावतो. पंढरीची वाट माहीत असलेल्या भाषेत यात्रीला कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही 'अंतराळवीर' रुळलेला आहे, तो काढून टाकावा असा माझा आग्रह नाही.

प्रश्न : मी एका दैनिकात नव्याने विज्ञानवार्ता लिहू लागलो आहे. 'माझी बॅटरी संपत आली आहे आणि अंधार पडतो आहे' हे मंगळावरच्या रोव्हरचे शेवटचे वाक्य मी लेखात घेतले, तर वरिष्ठांनी ते खोटे म्हणून कापले. मग भावनेला जागाच नाही का? (एक वार्ताहर, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या वरिष्ठांनी कापले ते योग्य केले, पण 'खोटे' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही.

ऑपॉर्च्युनिटी हा रोव्हर जानेवारी 2004 मध्ये मंगळावर उतरला. त्याने 90 मंगळदिवस काम करावे अशी अपेक्षा होती. तो चौदा वर्षांहून अधिक काळ चालत राहिला आणि त्याने 45 किलोमीटरांची वाट तुडवली. 2018 च्या जूनमध्ये मंगळाला धुळीच्या वादळाने वेढले आणि 10 जूननंतर त्याच्याकडून काहीच आले नाही. सौर पट्ट्यांवर चालणाऱ्या त्या यंत्राने शेवटी पाठवले होते ते आकडे: मिळणारी ऊर्जा जेमतेम 22 वॅट-तास, आणि वातावरणाची अपारदर्शकता 10.8, म्हणजे सूर्य जवळजवळ नाहीसा झालेला. फेब्रुवारी 2019 मध्ये नासाने मोहीम संपल्याचे जाहीर केले तेव्हा एका अमेरिकी पत्रकाराने, शास्त्रज्ञांशी झालेल्या बोलण्याच्या आधारे, त्या आकड्यांचा भावार्थ एका वाक्यात मांडला. तेच हे वाक्य. जगभर ते रोव्हरच्या तोंडचे शब्द म्हणून पसरले आणि माणसे खरोखर रडली.

शाळेत आपण चेतनगुणोक्ती अलंकार शिकलो, तो हाच. 'चांदोबा चांदोबा भागलास का' असे विचारत वाढलेल्या मराठी मुलाला निर्जीवाला थकवा येण्याचे नवल नाही, आणि त्या ओळीला कोणी खोटे म्हणत नाही, कारण चांदोबा दमलेला नाही हे म्हणणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. रोव्हरच्या वाक्यात नेमके हे सामाईक ज्ञान तुटले. मूळ पत्रकाराने भावार्थ म्हणून लिहिले, वाचणाऱ्यांनी अवतरण म्हणून घेतले. मीमांसकांच्या भाषेत गुणवाद भूतार्थवादाच्या रांगेत जाऊन बसला. म्हणून आपण ते वाक्य अवतरणचिन्हांतून बाहेर काढून, आकड्यांच्या शेजारी ठेवून, 'त्या आकड्यांचा अर्थ असा होता की' एवढे जोडून लिहिले असते, तर तेच वाक्य छापण्याजोगे झाले असते. आणि माझ्या मते 22 वॅट-तास हा आकडा शेजारी असता तर ते अधिकच चटका लावून गेले असते. इस्रोनेही 23 ऑगस्ट 2023 रोजी 'भारत, मी माझ्या मुक्कामी पोहोचलो, आणि तूही' असा संदेश चंद्रयानाच्या तोंडी घातला होता. पण तो इस्रोच्या खात्यावरून आला होता, लिहिणारा कोण हे उघड होते, म्हणून कोणाचा गैरसमज झाला नाही.

छायाचित्रांचेही असेच होते. मंगळयान कक्षेत शिरले त्या दिवशी बंगळूरुच्या केंद्रात रेशमी साड्या नेसून, केसांत गजरे माळून एकमेकींना मिठ्या मारणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्र जगभर 'मंगळयानाच्या शास्त्रज्ञ' म्हणून गाजले. छायाचित्रातल्या स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी असल्याचे नंतर इस्रोने स्पष्ट केले. मोहिमेत स्त्री शास्त्रज्ञ खरोखर होत्याच. ऋतू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ यांची कामे नोंदलेली आहेत. एका खऱ्या गोष्टीला चुकीचे चित्र चिकटवल्यामुळे खऱ्या स्त्रियांचे चेहरे मागे पडले आणि प्रशासनातल्या स्त्रियांचा आनंदही त्यांच्या स्वतःच्या नावावर जमा झाला नाही.

प्रश्न : 'देशात लोक उपाशी आहेत आणि तुम्ही चंद्रावर पैसे उधळता' या आक्षेपाला दोन्ही बाजूंचे लेखक कसे भिडतात? (दोन वाचक, पुणे आणि चंद्रपूर)

उत्तर : बहुतेक लेखक भिडतच नाहीत, ते आक्षेप घेणाऱ्याची प्रतिमा रंगवतात. 2014 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलेल्या एका व्यंगचित्रात फेटा बांधलेला भारतीय शेतकरी गाय घेऊन 'प्रतिष्ठित अवकाश मंडळा'चे दार ठोठावताना दाखवला होता. त्यात युक्तिवाद शून्य होता, तो फेटा आणि ती गाय हाच सगळा मुद्दा होता. वाचक संतापले आणि वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. आपल्याकडचे काही लेखक याच्या उलट टोकाला जातात आणि गरिबीचा प्रश्न विचारणाऱ्यालाच देशाचा वैरी ठरवतात. हेही व्यंगचित्रच, फक्त शब्दांत काढलेले.

खरोखर भिडलेले एक उत्तर मात्र वाचण्यासारखे आहे. 1970 मध्ये झांबियात काम करणाऱ्या एका ख्रिस्ती जोगिणीने, सिस्टर मेरी जुकुंडा यांनी, नासाचे शास्त्रज्ञ अर्न्स्ट श्टूलिंगर यांना विचारले की मुले भुकेने मरत असताना मंगळाच्या प्रवासावर अब्जावधी खर्च कसा सुचवता. श्टूलिंगर यांनी आधी तिच्या कामाविषयी आदर व्यक्त केला आणि मग चारशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतल्या एका दानशूर सरदाराची गोष्ट सांगितली. गावात रोगराई असतानाही तो भिंगे घासणाऱ्या एका माणसाला पोसत राहिला. गावकरी चिडले, पण त्या भिंगांतून पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि प्लेगवर मात करायला त्याचाच उपयोग झाला. पत्रासोबत त्यांनी चंद्राभोवतून टिपलेले पृथ्वीचे छायाचित्र जोडले. विश्वास, गोष्ट आणि प्रतिमा, तिन्ही योग्य क्रमाने. मन वळवणाऱ्या पत्राचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

तरीही त्या गोष्टीतली फट दिसली पाहिजे. भिंगे सोळाव्या-सतराव्या शतकातली. प्लेगचा जंतू सापडला 1894 मध्ये. मधली तीनशे वर्षे गोष्टीने एका वाक्यात ओलांडली आहेत. आणि पुण्यातल्या 1897 च्या प्लेगचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हेही माहीत आहे की जंतू दिसल्यानंतरसुद्धा माणसे मरत राहिली. शिवाय दृष्टांत हा नेहमी यशस्वी भिंगवाल्याचाच असतो. ज्याच्या भिंगांतून काहीच निघाले नाही त्याला पोसणाऱ्या सरदाराची गोष्ट कोणी लिहून ठेवत नाही. सिस्टर जुकुंडा यांनी हा मुद्दा परत विचारला असता तर श्टूलिंगर यांना दृष्टांत सोडून हिशेबावर यावे लागले असते.

भारतात याच जागी विक्रम साराभाई यांचे विधान येते. विकसनशील देशाला अवकाशाचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना ते सांगतात की आमच्या हेतूत संदिग्धता नाही, आणि माणसाच्या व समाजाच्या खऱ्या प्रश्नांवर प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात आम्ही कोणाहूनही मागे राहता कामा नये. ही दोन टोके प्रत्येक गौरवलेखात असतात. मधले वाक्य पुष्कळदा नसते. त्या मधल्या वाक्यात साराभाई म्हणतात की श्रीमंत देशांशी चंद्रावर, ग्रहांवर किंवा मानवी उड्डाणांत स्पर्धा करण्याचे स्वप्नरंजन आम्ही करत नाही. ज्यांनी हे म्हटले त्यांचेच नाव चंद्रावर उतरलेल्या लँडरला आहे! त्यांच्या विचारातून 1975-76 मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत उपग्रहामार्फत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचली, आणि त्यांच्या नावाची खरी पुण्याई तेथे आहे. काळ बदलला, ऐपत वाढली, म्हणून आज चंद्रावर जाणे योग्य आहे, असे कोणी म्हणू शकेल, आणि मला ते पटण्यासारखेही वाटते. पण मग ते साराभाईंच्या पुढे जाऊन, स्वतःच्या जबाबदारीवर म्हणावे.

हिशेबच हवा असेल तर तोही सरळ आहे. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अवकाश विभागासाठी सुमारे 12,544 कोटी रुपये होते आणि एकूण खर्च 45 लाख कोटींच्या घरात, म्हणजे शंभर रुपयांत सुमारे 28 पैसे. आक्षेप घेणाऱ्याने हे 28 पैसे लक्षात घ्यावेत. आणि त्याला उत्तर देणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की रक्कम लहान आहे म्हटल्याने ती योग्य ठरत नाही. केनेडींच्या सिगारेटची तुलनाही याच कारणाने लंगडी होती.

प्रश्न : अपयशाची बातमी कशी लिहावी? चंद्रयान 2 च्या वेळी 'यश' आणि 'अपयश' हे दोन्ही शब्द लिहायला आम्ही घाबरलो होतो. (एक निवृत्त उपसंपादक, नागपूर)

उत्तर : त्या रात्रीनंतरच्या सकाळचे, 7 सप्टेंबर 2019 चे, आपल्या सगळ्यांच्या मनातले चित्र इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांना पंतप्रधानांनी दिलेल्या आलिंगनाचे आहे. भावना खरी होती, आणि प्रसंगाला शोभणारीही. पण दोन आठवड्यांनी सिवन यांनी मोहीम 98 टक्के यशस्वी झाल्याचे सांगितले. विज्ञानाचे उद्दिष्ट पूर्ण आणि तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे जवळजवळ पूर्ण, अशी त्यांची मांडणी होती. चंद्राभोवती फिरणारा ऑर्बिटर उत्तम चालत होता हे खरेच. मात्र या हिशेबात चंद्रावर अलगद उतरणे, म्हणजे देशाने ज्यासाठी रात्र जागवली ते काम, उरलेल्या दोन टक्क्यांत कोंबावे लागते. वृत्तपत्रांनी आकडा मथळ्यात घेतला आणि कोणत्या कामाला किती गुण, हे क्वचितच विचारले. दिलासा देण्याचे काम आकड्यावर सोपवले की असे होते.

1986 सालातले दोन मजकूर यासाठी शेजारी ठेवून वाचावेत. 28 जानेवारीला अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी अध्यक्ष रेगन यांनी केलेले भाषण शोकाला शब्द देणारे होते, आणि त्या संध्याकाळी तेच हवे होते. चौकशीच्या अहवालाला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी जोडलेली टिपणी कोरडी होती. व्यवस्थापक अपघाताची शक्यता एक लाखात एक सांगत होते आणि काम करणारे अभियंते शंभरात एक. पहिला आकडा खरा मानला तर तीनशे वर्षे रोज एक उड्डाण करून एखादेच यान गमवावे लागेल, असे फाइनमन यांनी दाखवून दिले. टिपणीच्या शेवटी त्यांनी लिहिले की यशस्वी तंत्रज्ञानासाठी जनसंपर्कापेक्षा वास्तवाला वरचे स्थान हवे, कारण निसर्गाला फसवता येत नाही. बातमीदाराने रेगन यांच्याकडून वेळेचे भान घ्यावे, पण पुढच्या महिन्यांत फाइनमन यांच्या आकड्यांपर्यंत पोहोचावे. आपल्याकडे बहुतेकदा आपण पहिल्या संध्याकाळीच थांबतो.

चंद्रयान 2 विषयीचे सर्वांत पटणारे निवेदन माझ्या मते जुलै 2023 मधले आहे. तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ यांनी चंद्रयान 3 च्या उड्डाणाआधी सांगितले की मागच्या वेळी पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर दिला, त्यातून चुका साचत गेल्या, यानाला वेगाने वळता आले नाही आणि उतरण्याची जागाही अवघी 500 मीटर लांब-रुंद ठरवलेली होती. म्हणून या वेळी काय काय बिघडू शकते ते धरूनच आराखडा केला आहे आणि जागा चार किलोमीटर लांब व सुमारे अडीच किलोमीटर रुंद केली आहे. त्यात ना अलंकार होता ना टक्केवारी, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास मात्र त्यानेच वाढला. आपण तेव्हा घाबरलात हे समजण्यासारखे आहे. 'लँडर आदळले, ऑर्बिटर चालू आहे, कारण शोधले जात आहे' अशी तीन छोटी वाक्ये त्या रात्री नाही तरी त्या आठवड्यात छापता आली असती.